क्रँककेस वायुवीजन, टर्बो इंजिनातील

इंजिनाच्या तळच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, साचणारे वायू आणि ऑइलची वाफ ओढून घ्यायची, त्यातले ऑइल शक्य तितके गाळून परत चेंबरमध्ये, म्हणजे तळच्या ऑइलच्या टाकीत, सोडायचे आणि उरलेले वायू इंजिनातच जाळायचे, अशी ही योजना. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून ब्रीदर म्हणतात. बिनटर्बोच्या गाडीत ब्रीदरकडे दुर्लक्ष झाले तरी बरेच दिवस निभावून जाते. टर्बो गाडीत निभावत नाही. तिथे ब्रीदर तुंबला की त्याचे खापर टर्बोवर फुटते आणि कित्येकदा चांगला टर्बो उतरवून नवा बसवला जातो. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यातली दमट हवा, जवळजवळच्या फेऱ्या आणि अवजड वाहतुकीची धूळ या तिन्ही गोष्टी ब्रीदरच्या मुळावर येणाऱ्या आहेत. म्हणून या नोंदीत उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

पिस्टनच्या रिंगा सिलिंडर पूर्णपणे बंद करू शकत नाहीत. इंधन पेटते त्या क्षणी थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली उतरतो. हाच ब्लो-बाय. धडधाकट इंजिनात तो आत घेतलेल्या हवेच्या साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. रिंगा झिजल्या, लायनर ओरखडला की तो वाढतो आणि मेकॅनिक ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असे सांगतो. या वायूत न जळलेले इंधन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी असते. पाण्याची वाफही पुष्कळ असते, कारण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, उरलेल्याचा काही हिस्सा खाली येतो. खाली क्रँक आणि कनेक्टिंग रॉड ऑइल घुसळत असतात, त्यामुळे ऑइलचे बारीक तुषार या वायूत मिसळतात. बरेचसे तुषार एक-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक असतात. इतके हलके थेंब आपोआप खाली बसत नाहीत, वायूबरोबर वाहत जातात. ऑइल गाळण्याचे काम अवघड होते ते इथेच.

वायूंना वाट मिळाली नाही तर क्रँककेसमध्ये दाब चढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येऊ लागते. क्रँकचे मागचे सील गळले तर ऑइल क्लच प्लेटवर जाते आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आतल्या आत इंधन, पाणी आणि आम्ले ऑइलमध्ये मुरून गाळ तयार होतो, तो वेगळाच.

पूर्वीच्या गाड्यांत क्रँककेसची एक नळी थेट रस्त्याकडे उघडी सोडलेली असे आणि सगळी वाफ हवेत जाई. लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात संशोधन केले आणि न जळलेल्या इंधनाचा त्यातला वाटा दाखवून दिला. त्यानंतर ही उघडी नळी नजरेत आली. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ही वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात जाऊ देणारी झडप, बसू लागला. भारतात पेट्रोल गाडीला मान्यता देताना ‘टाइप तीन’ नावाची वेगळी चाचणी होते. क्रँककेसमधून बाहेरच्या हवेत काहीही जाता कामा नये, एवढाच तिचा निकष. अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

टर्बोमुळे यात काय बदलते, ते पालघर-मनोर रस्त्यावर नीट समजते. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, बहुतेक वेळ निर्वात असतो. त्या ओढीवर पीसीव्ही व्हॉल्व्ह वाफ खेचून घेतो. टर्बो पेट्रोल गाडी वाघोबा खिंडीचा चढ चढू लागली, की टर्बो मॅनिफोल्डमध्ये हवा कोंबतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेच्या वर जातो. आता पीसीव्ही व्हॉल्व्हने मिटून घ्यायला हवे. तो अडकून उघडा राहिला तर कोंबलेली हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरते. व्हॉल्व्ह मिटल्यावर वायू जातात दुसऱ्या वाटेने : हेडवरच्या कव्हरातून निघालेली एक नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपाला जोडलेली असते, आणि टर्बोची ओढ तिच्यातून वाफ घेते. चढावर ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो. म्हणजे सगळ्यात घाण वाफ टर्बोच्या तोंडातूनच आत जाते. खिंड उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, थ्रॉटल मिटतो आणि मॅनिफोल्डमध्ये एकदम जोराचा निर्वात तयार होतो. ओढ पुन्हा पहिल्या वाटेने सुरू होते, आणि तिला आवर घालणारा ब्रीदरमधला रबरी पडदा फाटलेला असेल तर वाफेबरोबर ऑइलही खेचले जाते. उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की मागच्या गाडीला निळा धूर दिसतो, तो याचाच.

डिझेल इंजिनात निर्वाताचा भरवसा नाही, म्हणून टर्बोच्या आधीची एकच वाट सदासर्वकाळ वापरली जाते आणि पडद्याचा नियंत्रक क्रँककेसमधला दाब सांभाळतो. रांजणगावला बनलेले १.३ मल्टिजेट असो की महिंद्राचे एमहॉक, या बाबतीत तत्त्व एकच.

टर्बो पाइप काढला आणि आत ऑइलचा पातळ थर दिसला, की ‘टर्बो गेला’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. ब्रीदरची वाफ टर्बोच्या आधी सोडलेली असल्यामुळे कंप्रेसर, होज आणि इंटरकूलर यांत थोडा ओलसरपणा चांगल्या गाडीतही असतोच. होज उपडा केल्यावर ऑइल ओघळले, इंटरकूलरच्या तळाशी ते साचलेले मिळाले, तर मात्र चौकशी करायला हवी. तीही आधी ब्रीदरची. कारण असे की टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल पंपाने आत येते, पण बाहेर पडते ते निव्वळ उतारावरून, एका जाड नळीने चेंबरमध्ये. ब्रीदर तुंबून क्रँककेसमध्ये दाब वाढला की हे ऑइल खाली उतरत नाही, बेअरिंगच्या घरात तुंबते आणि सीलमधून कंप्रेसरकडे किंवा सायलेन्सरकडे वाट काढते. अशा वेळी नवा टर्बो बसवला तरी काही दिवसांत तोही गळू लागतो. मालकाचे पैसे जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आत गेलेल्या ऑइलचे पुढचे परिणाम इंजिनाच्या जातीप्रमाणे वेगळे. डिझेलमध्ये ईजीआरची, म्हणजे जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची, कोरडी काजळी ऑइलच्या ओलाव्यावर चिकटते आणि मॅनिफोल्ड आतून अरुंद होत जातो. टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बो पेट्रोल इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतात, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जातात. फोक्सवॅगनचे १.० टीएसआय किंवा २०२०च्या महिंद्रा थारमधले एमस्टॅलियन यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. तिथे इन्टेक व्हॉल्व्ह कोणी धूत नाही आणि ऑइलचा कोळसा त्यांच्या देठावर जमत राहतो. अशाच इंजिनांत कमी वेगाला जोर मागितला असता ऑइलचा थेंब ठिणगीच्या आधी पेटून पिस्टनला इजा करू शकतो. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसएन प्लस (२०१८) किंवा एसपी (२०२०) ही श्रेणी पाहून घ्यायची, ती त्यासाठी.

डिझेलमधला सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे इंजिन स्वतःचेच ऑइल इंधन म्हणून ओढू लागते. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, वेग चढतच जातो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. ते जमत नसेल तर माणसांनी आधी गाडीपासून दूर व्हावे.

आता या पट्ट्याच्या हवेचा भाग. बोईसरच्या वसाहतीतून तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रापर्यंत किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत जाणारी गाडी थोडेच अंतर धावते आणि पाळी संपेपर्यंत उभी राहते. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याहून वेळ लागतो. ते पुरते तापण्याआधीच इंजिन बंद झाले, तर क्रँककेसमधली पाण्याची वाफ उडून जात नाही, गार कव्हराखाली तिचे पाणी होते. समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, असे रोज घडते. ऑइल फिलरच्या झाकणाखाली आणि ब्रीदरच्या नळीत ताकासारखा पांढुरका थर दिसतो तो त्याचा. हा थर पाहून हेड गॅस्केट गेले असे ठरवू नये. कूलंटची पातळी जागेवर असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल तर ते नुसते वाफेचे झालेले पाणी आहे, आणि आठवड्यातून एकदा चिल्हार फाट्यापर्यंत आणि पुढे महामार्गावर गाडी चांगली तापेपर्यंत नेली की बरेचसे निघून जाते. मात्र थर नळीत दाटला तर ब्रीदर बंद पडतो. सीएनजी जळताना तेवढ्याच ऊर्जेमागे पेट्रोलपेक्षा जास्त पाणी तयार होते. २०२४मध्ये नेक्सॉनच्या रूपाने टर्बो इंजिनावर सीएनजी आले आहे, त्या गाड्यांनी ही काळजी अधिक घ्यावी.

धुळीचा संबंध सहसा लक्षात येत नाही. एअर फिल्टर चोंदला की फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली ओढ वाढते, आणि ब्रीदरची नळी नेमकी तिथेच जोडलेली असते. म्हणजे मळका फिल्टर ब्रीदरमधून जास्त ऑइल ओढून घेतो. कंपनीच्या वेळापत्रकात फिल्टर बदलण्याचे जे अंतर असते, ते ट्रक-टँकरांच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीसाठी अर्ध्यावर आणणे शहाणपणाचे.

दोष शोधताना फिलरचे झाकण उचलून पाहणे ही पहिली पायरी. गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू ठेवून हलकी ओढ लागली तर ठीक. झाकण उड्या मारू लागले, धूर फुसफुसत आला किंवा डिपस्टिक वर उचलली गेली तर दाब आहे. झाकण निघता निघत नसेल, शिटीसारखा आवाज येत असेल आणि स्कॅनरवर पी०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड असेल, तर पडदा फाटला आहे. पण अंदाजापेक्षा माप बरे, आणि ते स्वस्तात घेता येते. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची आणि तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडायचे. इंजिन गरम करून पाहायचे. इंजिनाकडच्या बाजूचे पाणी खाली गेले तर दाब, वर आले तर ओढ. १०० मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ १० मिलिबार. योग्य आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो, तो कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा. नळीची उंची मीटरभर ठेवावी, नाहीतर पडदा फाटलेले इंजिन ते पाणीच पिऊन टाकते. दाब दिसला तर ब्रीदरची नळी तात्पुरती सोडून पुन्हा पाहावे. दाब उतरला आणि वाफ बेताचीच आली, तर नळी किंवा वाफेतले ऑइल वेगळे करणारा सेपरेटर तुंबला आहे. सोडलेल्या नळीतूनही धूर जोरात येत राहिला तरच रिंगा किंवा टर्बोचे सील यांच्याकडे वळावे.

सेपरेटर हा बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरमध्येच घडवलेला असतो. आडव्या भिंती, भोवऱ्यासारखी फिरवणारी वाट किंवा बारीक जाळी यांवर आदळून ऑइलचे थेंब एकत्र होतात आणि परत चेंबरमध्ये उतरतात. सेपरेटर गॅरेजमधल्या कंप्रेसरच्या हवेने फुंकून पुरता साफ होत नाही. कव्हर किंवा आतला संच बदलणेच योग्य. कडक झालेल्या, भेगाळलेल्या नळ्या आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या क्लिपाही त्याच वेळी बदलाव्यात. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे कधीही भरू नये. जास्त भरलेले ऑइल क्रँकला लागते आणि ब्रीदरवाटे टर्बोत जाते.

हौशी मालक ब्रीदरच्या वाटेत कॅच कॅन, म्हणजे वाफेतले ऑइल पकडणारा डबा, बसवतात. आत जाळी आणि आडव्या भिंती असलेला, दोन्ही टोकांनी मूळ वाटेला जोडलेला बंद कॅन थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला आणि जुन्या डिझेलला खरोखर उपयोगी पडतो. आत जाळी नसलेला रिकामा डबा फारसे काही पकडत नाही. मॅनिफोल्डकडची आणि टर्बोकडची अशा दोन्ही वाटा न सांभाळता एकच जोडली तर काम निम्मेच होते. पावसाळ्यात या भागात कॅनमध्ये ऑइलपेक्षा पाणीच जास्त जमते, तेव्हा तो वरचेवर उघडून पाहावा. भरलेला कॅन टर्बोने एकदम ओढला तर नसल्यापेक्षा वाईट. वॉरंटीतल्या गाडीला कंपनीला विचारल्याशिवाय तो लावू नये.

ब्रीदर बाहेर उघडा सोडणे हा मात्र उपाय नव्हे. पीयूसीच्या तपासणीत ते पकडले जात नाही, कारण तिथे नळकांडे सायलेन्सरलाच लावतात. तरी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेला सोडून केलेला तो फेरफार ठरतो. बॉनेटखाली गरम एक्झॉस्टजवळ इंधनमिश्रित वाफ सोडणे धोक्याचे, आणि ती वाफ गाडीतल्यांच्याच नाकात जाते. शिवाय खाली लोंबती सोडलेली नळी सूर्या नदीच्या पुरात रस्त्यावर आलेल्या पाण्यात बुडाली, तर गार होणारे क्रँककेस तेच पाणी आत ओढते.

कॅनमधून निघणारा काळा-पांढरा गाळ म्हणजे इंधन, आम्ले आणि ऑइल मिसळलेले पाणी. तो गटारात किंवा नाल्यात ओतू नये. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याने मासेमारी बुडते म्हणून मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली आहे. त्याच किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाण्यात गॅरेजांनी आपली भर घालू नये. हा गाळ जुन्या ऑइलच्या बंद पिंपात साठवावा आणि वापरलेले ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाच्याच हवाली करावा.