मद्यपाश : निदान आणि उपचार

दारूचे व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा किंवा वाईट संगतीचा परिणाम, हा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे व्यसनी माणसाला आधी उपदेश केला जातो, मग शपथा घातल्या जातात, गळ्यात माळ घातली जाते आणि सर्व उपाय थकल्यावर मनोविकारतज्ज्ञाचे नाव निघते. वैद्यकशास्त्र मद्यपाशाला आजार मानते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानेही मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. असे असूनही, केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते.

माणूस किती पितो, एवढ्यावरून निदान होत नाही. पिण्यावरचा ताबा सुटला आहे का, हे पाहावे लागते. पिण्याची अनावर ओढ, सुरू केल्यावर थांबता न येणे, पूर्वीइतकीच नशा येण्यासाठी अधिक दारू लागणे, न मिळाल्यास शारीरिक त्रास होणे, इतर गोष्टींतला रस आटणे आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे ही त्याची प्रमुख लक्षणे. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून ‘उतारा’ घ्यावा लागत असेल, तर आजार बराच पुढे गेला आहे असे समजावे. रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या निदानाला दुजोरा देतात. पण त्या निर्दोष आल्या म्हणजे व्यसन नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

मद्यपाशाबरोबर औदासीन्य, चिंताविकार किंवा पत्नीच्या चारित्र्याविषयीचा विकृत संशयही आढळतो. यातले मूळ कोणते आणि फळ कोणते, हे पहिल्या भेटीत ठरवणे अवघड असते. दारूमुळे आलेले औदासीन्य ती बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत बहुधा ओसरते; त्यानंतरही टिकले तर त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. आत्महत्येचे विचार असतील, तर मात्र थांबून पाहण्यास वाव नसतो.

उपचारांतला सर्वांत धोक्याचा टप्पा पहिल्या काही दिवसांचा. अनेक घरांत रुग्णाला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडली जाते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचारांअभावी ती प्राणघातक ठरू शकते. यावर डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात व काही दिवसांत मात्रा उतरवीत बंद करतात. यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम निवडले जाते. जोडीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अत्यावश्यक असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूला इजा होऊन स्मृती कायमची अधू होण्याचा धोका असतो.

दारू सुटली तरी ओढ सुटत नाही. ती कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. डायसल्फिरामचे काम वेगळे. हे औषध सुरू असताना मद्य घेतल्यास शरीरात अॅसिटाल्डिहाइड साठते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ‘रुग्णाच्या नकळत द्या’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत नेमके काय आहे, हे घरच्यांना ठाऊक नसते. डायसल्फिराम चहात वा भाजीत गुपचूप मिसळणे तर थेट जिवाशी खेळ आहे. रुग्णाची संमती आणि हृदयाची व यकृताची तपासणी झाल्याखेरीज ते देऊ नये; त्याचा परिणाम बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

पुढचे काम समुपदेशनाचे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला मारझोड व अपमानाविना बरे करण्याची वाट महाराष्ट्राला दाखवली. सौम्य अवस्थेत तर दाखल होण्याचीही गरज नसते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांच्या मोजक्या भेटींनीही पिणे आटोक्यात येण्यास मदत झाल्याचे आढळले.

बरे झालेला रुग्ण पुन्हा पिऊ लागणे हे या आजारात नेहमीचेच. अशा वेळी उपचार वाया गेले असे न मानता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तो येण्यास राजी नसेल, तर पत्नीने किंवा आईवडिलांनी आधी स्वतः समुपदेशकाला भेटावे. बहुतेक केंद्रांत कुटुंबीयांशी रुग्णाविना बोलण्याची सोय असते.