वाडीत जीपीएस यंत्राला उपग्रह मिळत नाहीत? कारणे आणि उपाय

सुपारीच्या वाडीत जीपीएस यंत्र सुरू केले की पडद्यावर ‘उपग्रह शोधत आहे’ एवढेच दिसत राहते, नाहीतर बिंदू शेजाऱ्याच्या वाडीत जाऊन बसतो. अक्षी-नागावपासून मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंत ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. पुढील क्रमाने तपासणी केल्यास दोष कुठे आहे ते अर्ध्या तासात कळते.

अचूक नोंद का हवी?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी पंचनाम्यात वाडी कोठे, क्षेत्र किती, झाडे किती हे प्रश्न येतात. झाडे पडल्यावर ही माहिती गोळा करणे अवघड जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाचा फोटो ठिकाणासह नोंदवला जातो. म्हणून वाडी उभी असतानाच तिची नोंद नीट करून ठेवावी.

सिग्नल अडतो कोठे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा सिग्नल अतिशय क्षीण होतो. ठिकाण आणि उंची ठरवण्यासाठी किमान ४ उपग्रह लागतात आणि ते आकाशात चहूबाजूंना विखुरलेले असावे लागतात.

- दाट झावळ्या: सुपारीची शिफारस केलेली लागवड २.७ × २.७ मीटरवर असते. वाढलेल्या वाडीत झावळ्या एकमेकींना भिडतात. त्यात नारळ, जायफळ, केळी असली तर आकाश दिसतच नाही.
- ओली पाने: ढग किंवा पाऊस यांमुळे सिग्नलला फारसा अडथळा होत नाही. पानांवर साचलेले पाणी मात्र सिग्नल शोषते. त्यामुळे पाऊस थांबून पाने निथळल्यावर मोजणी करावी.
- डोंगराची बाजू: आंब्याच्या उतारावरील बागेत एका बाजूचे आकाश डोंगराने झाकलेले असते.
- पत्रा, भिंत, टाकी: यांवर आपटून आलेला सिग्नल लांबच्या वाटेने येतो. यंत्राला उपग्रह भरपूर दिसतात, पण ठिकाण चुकते.

पहिली तपासणी: मोकळ्या जागेत

यंत्र घेऊन भाताच्या खाचरात, खारभूमीच्या बांधावर किंवा पुळणीवर जा. तेथे १५ ते २० मिनिटे एका जागी स्थिर उभे राहा. उपग्रहांचे पान उघडा. बऱ्याच यंत्रांत पोकळ पट्टी म्हणजे उपग्रह सापडला पण माहिती अजून उतरत आहे, आणि भरीव पट्टी म्हणजे उपग्रह वापरात आला.

येथे यंत्र नीट चालले तर दोष झावळ्यांचा आहे. येथेही चालले नाही तर पुढील गोष्टी पाहा.

१. बरेच दिवस बंद असलेले यंत्र: महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या किंवा दूरच्या जिल्ह्यातून आणलेल्या यंत्राला उपग्रहांची यादी पुन्हा घ्यावी लागते. पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटे लागतात. प्रत्येक उपग्रहाची स्वतःची कक्षेची माहिती सुमारे ३० सेकंदांत येते, पण मध्येच झाडाखाली गेलात तर ती तुटते. म्हणून यंत्र नेहमी बाहेर मोकळ्यावर सुरू करा आणि मगच वाडीत शिरा.

२. धरण्याची पद्धत: अँटेना वर आलेले यंत्र उभे धरावे. सपाट यंत्राचा पडदा आकाशाकडे ठेवावा. खिशात, पिशवीत किंवा छातीशी धरू नये, कारण आपले शरीरही सिग्नल अडवते.

३. बॅटरी: रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज साध्या सेलपेक्षा कमी असतो. यंत्रात सेलचा प्रकार बरोबर निवडा. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर येतो. सेल काढून तो खोडरबराने घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. काम नसताना सेल बाहेर काढून ठेवा.

४. सेटिंग: जीपीएस बंद ठेवून नुसते दाखवण्यासाठी काही यंत्रांत डेमो पर्याय असतो, तो चुकून चालू राहिला आहे का पाहा. बॅटरी वाचवणारा पर्याय बंद करा. ग्लोनास, गॅलिलिओ, नाविक हे पर्याय असतील तर चालू करा. उपग्रह जितके जास्त, तितके झावळ्यांच्या फटींतून मिळण्याची शक्यता अधिक.

५. तारीख: जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले. जुन्या यंत्रात तारीख सुमारे वीस वर्षे मागे दिसत असेल तर कंपनीचे नवे सॉफ्टवेअर टाकून घ्या.

वाडीत मोजणी कशी करावी?

- वाडीत फिरत नोंद घेण्याऐवजी प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बिंदू घ्या. सरासरी काढण्याची सोय असल्यास प्रत्येक बिंदूवर २ ते ३ मिनिटे थांबा. शक्य असल्यास दीड-दोन तासांनी तोच बिंदू पुन्हा घ्या, कारण तोवर उपग्रहांची जागा बदललेली असते.
- पडद्यावरील अचूकतेचा आकडा वाचा. मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटर मिळतात. वाडीत तो १० मीटरच्या वर असेल तर बिंदू नोंदवू नका.
- कोपरा झावळ्यांत दडला असेल तर जवळच्या पाणंदीवर किंवा मोकळ्या जागेत बिंदू घ्या. तेथून कोपऱ्यापर्यंत टेपने अंतर आणि होकायंत्राने दिशा मोजून लिहून ठेवा.

लहान वाडीत छोटी चूकही मोठी

२० × ५० मीटरची वाडी म्हणजे १० आर. तिचा प्रत्येक कोपरा दोन्ही दिशांना ३ मीटर बाहेर पडला, तर माप २६ × ५६ मीटर, म्हणजे १४.५६ आर येते. क्षेत्र जवळजवळ दीडपट झाले! हीच चूक १०० × १०० मीटरच्या शेतात झाली तर वाढ सुमारे १२ टक्केच होते. प्रत्यक्षात चुका थोड्या आत, थोड्या बाहेर पडतात. तरीही आपल्याकडच्या काही गुंठ्यांच्या वाड्यांत क्षेत्र टेपनेच मोजावे. जीपीएस ठिकाण दाखवण्यासाठी वापरावे. झाडे मोजूनच लिहावीत.

मोबाइल वापरत असाल तर

उपग्रहाच्या सिग्नलला रेंज किंवा सिम लागत नाही. मात्र इंटरनेट असल्यास मोबाइल उपग्रहांची माहिती तेथून घेतो आणि ठिकाण लवकर सापडते. रेंज नसलेल्या वाडीत जायचे असेल तर घरून निघण्यापूर्वी अंगणात लोकेशन चालू करून ठिकाण येऊ द्या. लोकेशनची अचूकता ‘हाय’ ठेवा. फोटो घेण्यापूर्वी गटाच्या हद्दीतच, पण झावळ्या विरळ असतील तेथे, दोन मिनिटे थांबा.

रिसेप्शनचा दोष नसताना

उपग्रह भरपूर, अचूकता चांगली, तरीही बिंदू भलतीकडे पडत असेल तर आकडे कोणत्या पद्धतीने लिहिले ते पाहा. अलिबागजवळचा अक्षांश १८ अंश ३८.५ मिनिटे आहे. दशांश अंशांत तो १८.६४१७ होतो. कोणी तो १८.३८५ असा भरला तर बिंदू सुमारे २८ किलोमीटर दक्षिणेला, मुरुड तालुक्यासमोर थेट समुद्रात पडतो. यंत्रात डेटम ‘डब्ल्यूजीएस ८४’ असावा. जुन्या नकाशांचा डेटम वेगळा असल्याने तेथेही बिंदू सरकतो.

लक्षात ठेवा

हातातील यंत्राची किंवा मोबाइलची मोजणी नोंदीसाठी उपयोगी आहे, हद्दीच्या वादासाठी नाही. बांधावरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. कृषी सहाय्यकांनी प्रत्येक बिंदूसोबत तारीख, वेळ, अचूकतेचा आकडा आणि ‘झावळ्यांखाली’ की ‘मोकळ्यावर’ हे वहीत लिहावे. पुढे आकडे जुळले नाहीत तर कोणता बिंदू पुन्हा घ्यायचा ते त्यावरून लगेच ठरते.