मोटारसायकल आणि टर्बोचार्जर: चाकण पट्ट्यात न रुजलेल्या एका तंत्राचा इतिहास

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना जे घडले त्याचीच नोंद करण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. जे घडण्याजोगे होते व घडले नाही, त्याची कारणमीमांसा क्वचितच होते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात असे एक उदाहरण आढळते. येथे मोटारसायकली लक्षावधींनी तयार होतात. टर्बोचार्जर लावलेली मोटारींची व मालमोटारींची एंजिनेही येथील कारागिरांच्या नित्य परिचयाची आहेत. असे असूनही या दोहोंचा संयोग येथे झाला नाही. तो का झाला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोराने लहानसे टर्बाइन फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व होय. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट 1905 साली घेतले. त्यापासून होणारा लाभ पाहावयाचा तर चाकणच्याच फोक्सवागेन कारखान्यात तयार झालेल्या पोलो मोटारीचे उदाहरण पुरेसे आहे. 2020 साली तिचे 999 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे एंजिन टर्बोचार्जरविना 76, तर टर्बोचार्जरसह 110 अश्वशक्ती देत असे. मग मोटारसायकलीने हा मार्ग का धरू नये?

तो धरला गेला होता, परंतु जपानात. होंडाने 1982 साली सीएक्स 500 टर्बो बाजारात आणली. मूळच्या सुमारे 50 अश्वशक्तीच्या जागी तीत 82 अश्वशक्ती मिळे. मात्र त्यासाठी इलेक्ट्रॉनिक इंधनक्षेपण योजावे लागले आणि अमेरिकेत तिची किंमत 4,898 डॉलर झाली. त्याहून मोठ्या एंजिनाची साधी मोटारसायकल त्याच पेठेत कमी दामात मिळत होती. यामाहा आणि सुझुकी यांनीही आपापल्या टर्बो गाड्या काढल्या. कावासाकीची 750 टर्बो तर 112 अश्वशक्तीची होती. तथापि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सारे प्रयोग आटोपले. यंत्र फसले असे म्हणता येत नाही. हिशेब जुळला नाही, एवढेच.

याच कालखंडात आकुर्डीच्या बजाज ऑटोने कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु त्या सहकार्यातून 1986 साली भारतीय ग्राहकाच्या हाती आली ती केबी 100 ही टू-स्ट्रोक गाडी. एकाच जपानी कंपनीच्या दोन टोकांपैकी कोणते टोक येथे पोहोचले, यावरून येथील ग्राहकाची निकड काय होती ते कळते. त्याला हवे होते ते पेट्रोल पुरविणारे, गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल असे यंत्र.

पुढे अधिक शक्तीची मागणी वाढली, तेव्हाही निराळीच वाट चोखाळण्यात आली. 2001 साली आलेल्या पल्सरला 2003 साली एकाच सिलिंडरात दोन स्पार्क प्लग मिळाले. एका जादा प्लगाची ती किंमत किती असणार! परंतु ज्वलन अधिक जलद व पूर्ण झाल्याने शक्ती व इंधनबचत दोन्ही साधली. या युक्तीचे मोल इतके होते की तिच्या पेटंटवरून 2007 साली टीव्हीएसशी सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी बजाजने पल्सर 220 ला इंधनक्षेपण दिले आणि 2009 साली ते काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसविला. नवी गाडी स्वस्त होती, आणि तिची शक्ती किंचित अधिकच होती. माझ्या मते या पट्ट्याच्या यंत्रेतिहासात याहून बोलका पुरावा नाही. ज्या बाजारात इंधनक्षेपणाचा खर्चही दोन वर्षांत परत घ्यावा लागला, तेथे टर्बोचार्जरची वार्ता कशी निघावी? इंधनक्षेपण बहुतेक गाड्यांत आले ते 2020 साली, भारत स्टेज 6 च्या नियमांमुळे.

यांत्रिक अडचण याहून मूलगामी आहे. येथील बहुतेक मोटारसायकली एका सिलिंडरच्या आहेत. चार-स्ट्रोक एंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच वायू बाहेर पडतो. मिनिटाला 8,000 फेऱ्या धरल्या तरी सेकंदाला सुमारे 67 झटके होतात, आणि फेऱ्या कमी असता टर्बाइनला अखंड झोत न मिळता हे झटके विरळ लागतात. शिवाय हवा खेचण्याचे काम त्या झटक्यांच्या मधल्या वेळात होते. म्हणून दाबलेली हवा साठविण्यास वेगळी पेटी लागते. संपीडनाचे प्रमाण उतरवावे लागते, नाहीतर इंधन अवेळी पेटून पिस्टन वितळण्याची भीती. टर्बाइनच्या बेअरिंगला तेलाचा स्वतंत्र पुरवठा हवा, हवेने थंड होणाऱ्या डोक्यावर उष्णतेचा भार वाढतो, आणि क्लचवरही ताण येतो. म्हणजे टर्बोचार्जर विकत घेणे हा खर्चाचा आरंभ होय. होंडाने 2024 साली मिलान येथे विजेवर फिरणाऱ्या दाबकाची मोटारसायकल दाखविली. टर्बाइनची वाट पाहण्याचे दुखणे तीत टळते, पण तिलाही तीन सिलिंडर आहेत.

भोसरीच्या लेथवर नळ्या व फ्लँज करून घेणे कठीण नाही, आणि हौशी तरुणांना त्याचा मोहही होतो. परंतु मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने नोंदविलेल्या मूळ स्वरूपाला छेद देणारा फेरफार वर्ज्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या सुधारणेने प्रत्येक फेरफारास 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास ठरविला.

मध्यंतरी चाकणच्या कारखान्याने शक्तीचा प्रश्न अन्य रीतीने सोडविला. 2007 पासून केटीएमशी भागीदारी झाली. 2012 साली 200 ड्यूक व 2013 साली 373 घनसेंटिमीटरची 390 ड्यूक आली. द्रवाने थंड होणारे एंजिन, चार झडपा आणि अधिक फेऱ्या यांच्या बळावर एका सिलिंडरातून सुमारे 43 अश्वशक्ती निघाली. टर्बोचार्जरची गरजच भासली नाही.

हिशेबात एक नवा आकडा मात्र 2025 मध्ये शिरला. 22 सप्टेंबरपासून 350 घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर 18 टक्के, तर त्यापुढील गाड्यांवर 40 टक्के झाला. पूर्वी हा फरक उपकरापुरता, 3 टक्क्यांचा होता. करपूर्व किंमत 2 लाख रुपये धरली तर आता फरक 44,000 रुपये होतो. कर शक्तीवर नसून सिलिंडरच्या आकारमानावर आहे. त्यामुळे लहान एंजिनात हवा दाबून भरण्यास येथे प्रथमच पैशाचे कारण निर्माण झाले. तरीही मला वाटते, या रकमेकडे पाहून चाकणचा अभियंता टर्बाइनऐवजी पिस्टनचा व्यास वा धाव थोडी कमी करण्याचा विचार आधी करील. 373 चे 349 करण्यास नवी मिश्रधातू लागत नाही.