माणिक आणि लालडी

जव्हार गांवाजवळ शिरपामाळ नांवाचें एक ठिकाण आहे. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथें पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं शिरपेच देऊन त्यांचा सत्कार केला, म्हणून माळाला हें नांव मिळालें, असें या बाजूस पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. जव्हार-मोखाड्याकडे मास्तरकी करीत असतां मीं एकदां मुलांना तेथें नेऊन ही हकीकत सांगितली. तेव्हां एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, ही गोष्ट तरी खरी आहे ना?" त्याच्या आईच्या अंगठींतील खडा माणिक म्हणून तीन पिढ्या जपलेला, परंतु एका सराफानें नुकताच तो लालडीचा ठरविला होता, आणि घरांत सुतक पडल्यासारखें झालें होतें. मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. आज देतों.

हीं दोन्ही रत्नें तांबडीं, आणि दोहोंचा तांबडेपणा क्रोमियम धातूच्या अल्पशा अंशामुळें येतो. ब्रह्मदेशांतील मोगोक येथें तर दोन्ही सांपडतात. म्हणूनच डोळा फसतो. पण घटना निराळी. माणिक हें कुरुविंद जातीचें, म्हणजे ॲल्युमिनियम व प्राणवायु यांचा संयोग. लालडींत त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम असतें. काठिण्याच्या दहा पायऱ्यांत हिरा दहावा, माणिक नववें, लालडी आठवी. निर्धोक परीक्षा म्हणजे पाण्यांतील वजनाची. कोंदणांतून काढलेलें चार रतींचें माणिक पाण्यांत लोंबतें ठेवून तोललें तर तीन रती भरतें, कारण तें पाण्याच्या चौपट जड. लालडीचें विशिष्ट गुरुत्व ३.६, म्हणून ती तीन रतींहून थोडी कमी भरते.

प्रकाशाची साक्ष याहून स्पष्ट. माणकांत शिरलेला किरण दुभंगतो. त्याचा वक्रीभवनांक १.७६ ते १.७७, आणि योग्य उपकरणांतून फिरवून पाहिल्यास एक छटा जांभळट तांबडी व दुसरी नारिंगी तांबडी दिसते. लालडींत किरण एकेरीच राहतो, अंक १.७२ च्या आसपास, आणि कोठूनहि पाहिली तरी छटा एकच.

ज्योतिषांत माणिक हें सूर्याचें रत्न. रविवारीं सोन्याच्या अंगठींत तें अनामिकेवर धारण करण्याचा प्रघात आहे. नवरत्नांत लालडीला जागा नाहीं; कांहीं जोशी तिला सूर्याचें उपरत्न म्हणून चालवून घेतात. ग्रहपीडा टळते कीं नाहीं, हें तराजूनें वा भिंगानें ठरावयाचें नाहीं. तीं खड्याचें नांव सांगतात, फळ सांगत नाहींत.

मात्र लालडी म्हणजे खोटें माणिक, हा शुद्ध गैरसमज. अल्-बेरूनीनें अकराव्या शतकांतच याकूत आणि लाल हीं निराळीं रत्नें म्हणून वर्णिलीं. मोगल बादशहा बदक्शानचे मोठे लाल हौसेनें बाळगीत व त्यांवर आपलीं नांवें कोरवीत. युरोपांत हा भेद १७८३ सालीं रोमे द लील या फ्रेंच शास्त्रज्ञानें स्पष्ट केला. इंग्लंडच्या राजमुकुटावरील 'ब्लॅक प्रिन्सचें माणिक' ही वस्तुतः लालडी आहे. जहांगीर, शहाजहान, नादिरशहा यांचीं नांवें ज्यावर आहेत, तें 'तैमूरचें माणिक' हेंहि लालडीच. नांव चुकलें होतें म्हणून कोणी त्यांना राजखजिन्यांतून बाहेर टाकलें नाहीं.

इतिहासाचेंहि असेंच आहे. १६६४ ची सुरतेची स्वारी कागदोपत्रीं सिद्ध. १६७२ मध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें, हेंहि सिद्ध. शिरपेच ही मात्र लोकांची आठवण. तिला दप्तरी पुरावा म्हणणें म्हणजे लालडीला माणिक म्हणणें. तिला थाप म्हणणें म्हणजे लालडीला कांच म्हणणें. ज्या दोघांत आठ वर्षांनीं तरवार निघाली, त्यांच्या स्नेहाचा एक दिवस या माळानें ध्यानांत ठेवला, हें तिचें मोल. इतिहासकारानें तिला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी, म्हणजे झालें.

तो मुलगा आतां स्वतः बाप झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर एवढेंच सांगावयाचें आहे: बाबा रे, आईची अंगठी फेंकूं नकोस. ती बोटांत राहूं दे. मात्र कोणी विचारलें तर लालडी आहे, असें सांगत जा.