पकडलेल्या गाढवांचं पुढे काय होतं?

काही वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. नदीपात्रातून चोरटी वाळू वाहणारी गाढवं पकडली, तीन कॉलम, फोटोसह. मालक पळाले होते, गाढवं तिथेच उभी होती. आठवड्याने चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "भाऊ, त्या गधड्यांचं काय झालं मग?" मला सांगता आलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पाणी प्यायल्यावर ते गाढव कुठे गेलं, हे गोष्टीत नाही. आपल्या कायद्यांचा इतिहास पाहिला तर तिथेही साधारण असंच आहे.

इंग्रजांनी 1871 मध्ये कोंडवाड्याचा कायदा केला. त्यातल्या 'गुरां'मध्ये हत्ती-उंटांपासून शेळीपर्यंत सगळे आले, गाढवही आलं. कोंडलेलं जनावर सात दिवसांत कोणी सोडवलं नाही तर पोलिसांना कळवायचं, जाहीर नोटीस काढायची, आणखी सात दिवस थांबायचं आणि लिलाव करायचा. कायदा पिकं वाचवण्यासाठी होता, जनावरं वाचवण्यासाठी नाही. आणि लिलावात गाढवावर बोली लावणार कोण? ज्याला ओझं वाहून घ्यायचंय तोच. म्हणजे पंधरवड्यात गाढव पुन्हा गोणीखाली.

दुसरी वाट पांजरपोळाची. 1832 मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली, त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळ उभा राहिला. पुढे व्यापारी पेठा असलेल्या अनेक गावांत पांजरपोळ झाले. जळगावकरांना तर हा शब्द पत्त्यातच ठाऊक आहे. म्हातारं, लंगडं जनावर मरेपर्यंत सांभाळायचं, ही मूळ कल्पना फार मोठी. पण देणगी येते ती गाईच्या नावाने. गाढवाच्या नावाने पावती फाडणारा दाता मी तरी पाहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आकडा अजून बदललेला नाही. 2017 मध्ये जप्त जनावरांच्या सांभाळाचे नियम आले. खटला चालू असताना जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी संस्थेकडे द्यावं आणि खर्च आरोपीकडून घ्यावा, असं त्यात आहे. कागदावर चोख. पण आरोपी बहुतेक वेळा हातावर पोट असलेला माणूस. वाळूचा खरा मालक ट्रॅक्टरवर असतो, त्याचं गाढव नसतं.

आणि समजा, गोशाळेने गाढवं घेतली, तरी ते काम गाईपेक्षा वेगळं आहे. गाढवाचं पोट कोरड्या, जाड्याभरड्या चाऱ्यासाठी बनलेलं. आपल्या दादरचा कडबा त्याला मानवतो. दया येऊन कोणी धान्य, गूळ, पेंड घातली की खुरांना सूज येते आणि जनावर उभं राहीनासं होतं. वाढलेली खुरं दीड-दोन महिन्यांनी कापावी लागतात, तीही एकदम नाही, थोडी थोडी. पाठीवरची जखम भरायला वेळ लागतो, तोवर तिच्यावर ओझं नको. नवीन गाढव इतरांत मिसळण्याआधी वेगळं बांधून ग्लँडर्सची तपासणी हवी, कारण तो रोग माणसालाही होतो. इंग्रजांनी त्यासाठी 1899 मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. मादी गाभण असेल तर बारा महिने मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडी. गाढव सोबत्याला घट्ट धरून असतं. जोडी फोडली तर खाणं सोडतं, अन् खाणं सुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरून जीवही जातो. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ स्वेंडसन या बाईंनी 1969 मध्ये गाढवांसाठी संस्था काढली. तिथे दत्तक देताना एकटं गाढव देत नाहीत. आपल्याकडे मुद्देमालाची वाटणी नगावर होते. दोन इकडे, तीन तिकडे, एक जागा असेल तिथे.

महाराष्ट्रात चांगलं घडलंच नाही असं नाही. सांगली-सोलापूरकडे 'अ‍ॅनिमल राहत' या संस्थेने वीटभट्टीवाल्यांना ट्रॅक्टरकडे वळवून गाढवांना कामातून सोडवलं. मालकाचं पोट आणि जनावराची पाठ, दोन्हींचा विचार. पंढरपुरात चंद्रभागेची वाळू वाहणारी काही गाढवं तर निलगिरीतल्या आश्रयस्थानात पाठवली गेली. तेव्हा आम्ही पत्रकारांनी 'गाढवं निघाली उटीला' म्हणून हसून घेतलं. हसण्यासारखं काय होतं, आता कळत नाही.

हे आज लिहायचं कारण आकड्यांत आहे. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली गाढवं सुमारे 61 टक्क्यांनी घटली, महाराष्ट्रातली जवळपास 40 टक्क्यांनी. कामं यंत्रांनी घेतली हे खरं. पण आंध्रात मांसासाठी गाढवं कापली जातात, तर चीनमध्ये कातड्यापासून औषध बनतं. आफ्रिकी संघाने 2024 मध्ये कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदीचा निर्णय घेतला, तो याच धंद्यामुळे. अशा बाजारात 'मी सांभाळतो' म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दोरी देता येत नाही. आधी त्याची जागा बघावी लागते. विकणार नाही, ओझं लादणार नाही, दुधाचा धंदा करणार नाही, असं लिहून घ्यावं लागतं. सहा महिन्यांनी जाऊन पुन्हा बघावं लागतं. जळगाव-धुळ्यात हे करणारा एखादा माणूस, एखादा गोठा, निदान शासकीय पशुवैद्यकाच्या टेबलावरची एखादी यादी आहे का?

तुमच्या तालुक्यात पकडलेली गाढवं शेवटी कुठे गेली, हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा. माझ्या त्या जुन्या बातमीतली गाढवं कोणी पाहिली असतील तर तेही सांगा. नऊ होती. एक लंगडत होतं.