दुखणे पायाचे, गोळी मनाची?

मधुमेहाने पायांच्या नसांना इजा झाली की तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, रात्री अंगावरची चादरही सोसवत नाही. त्यावर डॉक्टर अनेकदा अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतात. हे औषध नैराश्यावरचे आहे असे कळले की ‘म्हणजे माझे दुखणे मनाचेच का?’ हा प्रश्न येतो, आणि काहीजण गोळी बाजूला ठेवून देतात. या प्रश्नाचे उत्तर मला या औषधांच्या इतिहासात सापडले.

स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे गायगी कंपनीचे इमिप्रमिन हे रसायन तपासत होते. अपेक्षा स्किझोफ्रेनियावर गुण येण्याची होती. गुण आला तो नैराश्यावर. १९५७ साली कून यांनी ते प्रसिद्ध केले आणि ही ओळख त्या औषधाला कायमची चिकटली.

तीनच वर्षांनी, १९६० मध्ये, पाओली आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी इमिप्रमिनचा वेदनेवरील उपयोग नोंदवला. १९७७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि फ्लुफेनाझिन एकत्र देऊन काही मधुमेही रुग्णांच्या नसांचे दुखणे शमल्याचे वृत्त आले. तरी शंका उरलीच. मन हलके झाले म्हणून तर वेदना कमी भासत नसेल?

मिचेल मॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या शंकेलाच हात घातला. त्यांनी २९ रुग्णांना आळीपाळीने अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि तसेच दुष्परिणाम जाणवतील अशी बनावट गोळी दिली. नैराश्य नसलेल्यांनाही नैराश्य असलेल्यांइतकाच आराम पडला. १९९२ मध्ये त्यांनी उलट बाजूही तपासली. फ्लुओक्सेटिन नैराश्यावर प्रभावी असूनही या वेदनेवर बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

याचा अर्थ, वेदनेवरचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे चेतामार्ग वेदनेचे संदेश दाबू शकतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही त्यांची रसायने या औषधांमुळे अधिक काळ टिकतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ड्युलोक्सेटिनला मधुमेही नसांच्या वेदनेसाठी स्वतंत्र मान्यता दिली.

या गोळ्या इजा झालेली नस बरी करत नाहीत. त्यासाठी साखर आटोक्यात ठेवणे आहेच. हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, आणि गोळी मनाने एकाएकी बंद करू नये. मात्र वेष्टनावरचे ‘नैराश्य’ वाचून आपले दुखणे खोटे ठरले, असे कोणी समजू नये. तो शब्द या औषधांच्या पहिल्या वापराचा आहे.