घर बांधून झालं, पुढचा खर्च कोणाचा?

आज आपल्याला घरांबद्दल बोलायचंय. घरकुलाची यादी, हप्ता कधी जमा होणार, कोणाचं नाव राहिलं, हे सगळं आपण बैठकीत नेहमी बोलतो, ते आज नको. आज थोडा इतिहास सांगते. सरकारनं गरीब माणसासाठी घर बांधलं, चावी दिली, फोटो निघाले. पुढे त्या घराचं पाणी, दिवाबत्ती, गटार, गळकं छत याचा खर्च कोणी करायचा? हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या सोलापूरच्या वेशीवर, कुंभारीत, आजही शोधलं जातंय.

सुरुवात मुंबईपासून करू. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती. एकेका खोलीत दहा-दहा माणसं. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी एक खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याच बीडीडीच्या या चाळी. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा २०७ चाळी १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. सरकारनं कर्ज काढलं, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १ रुपया कर बसवला. आपल्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या मुलखातून गेलेल्या गाठीवरचाच तो रुपया, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या चाळींत मालक स्वतः सरकार होतं. भाडं सरकार घेणार, डागडुजी सरकार करणार. बांधायला जो खर्च आला त्याच्या हिशेबानं भाडं लावलं असतं तर ते कामगाराला झेपलंच नसतं, म्हणून भाडं कमी ठेवलं आणि तूट सरकारनं सोसली. तरीसुद्धा सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. पुढे त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या, कोकणातल्या, घाटावरच्या, आपल्याकडच्याही. भाडं मात्र नावापुरतं राहिलं आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. भाड्यातून डागडुजी भागेना, वरून पैसा पुरेसा येईना. आता त्या चाळी पाडून तिथे म्हाडा टोलेजंग इमारती बांधतंय. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मोठं घर मिळालं याचा आनंद आहेच. पण चाळीत लिफ्ट नव्हती, पाण्याचा पंप घराघरात पोचवायचा नव्हता. उंच इमारतीत हे सगळं रोज चालतं आणि रोज बिल येतं.

सोलापूरची गोष्ट वेगळी आहे. इथे सरकारनं गरिबांना एका जागी वसवायचा फार जुना प्रकार म्हणजे सेटलमेंट. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला पाठवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. सेटलमेंट हे नाव शहरात अजून आहे. सरकारी घराचा इतिहास सांगताना लोक हे पान उलटून पुढे जातात. मला ते बरं वाटत नाही, म्हणून दोन वाक्यं सांगितली.

मग गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुरुषांची कामं गेली आणि कितीतरी घरांची चूल बायकांच्या विडीवर चालू राहिली. तुमच्यापैकी अनेकींच्या नात्यात कोणी ना कोणी विडी वळणारी असेल. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा आणि सकाळी कारखान्यात नेऊन द्यायचं. तिथे छाट काढली की तेवढी मजुरी गेली. हजार विड्या वळायला बाईचा दिवस जातो. यात एक गोष्ट बघा, विडीवालीचं घर हाच तिचा कारखाना. झोपडी गळली तर तंबाखू खराब, दिवा नसला तर संध्याकाळचं काम बंद. म्हणून विडी कामगार बाईनं घर मागितलं तेव्हा ती निवाऱ्याबरोबर कामाची जागाही मागत होती.

पैसा कुठून येणार होता? १९७६ साली केंद्र सरकारनं दोन कायदे केले, एक विडी कामगार कल्याण निधीचा आणि दुसरा त्यासाठी उपकर घेण्याचा. विडीच्या उत्पादनावर थोडा उपकर, आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत. धंद्यातूनच पैसा काढून त्याच धंद्यातल्या बाईवर खर्च करायचा, कापसाच्या गाठीवरच्या रुपयासारखाच हा प्रकार. मला ही पद्धत न्यायाची वाटते, कारण इथे कोणी कोणावर उपकार करत नाही.

या आधारावर सोलापुरात घरांची मागणी उभी राहिली. कामगार नेते आणि तीन वेळा आमदार झालेले नरसय्या आडम, ज्यांना सगळे आडम मास्तर म्हणतात, त्यांच्या पुढाकारानं लाल बावट्याच्या मोर्च्यांत वर्षानुवर्षं विडीवाल्या बायका चालल्या. त्यातून अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीला, १०,००० घरांची वसाहत झाली. नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर. गोदूताई कोण, तर डहाणू-तलासरीकडच्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या बाई. घराचा हिशेब सोपा होता. किंमत साधारण ६०,००० रुपये. त्यात २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि २०,००० कामगार बाईचे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरं दिली गेली. विडी कामगार बाई, म्हणून घर तिच्या नावावर. ज्या बाईचं नाव रेशन कार्डावर नवऱ्यामागे असायचं, तिचं नाव दारावर आलं.

ही घरं बैठी आहेत. पत्रा बदलायचा, ओटा करायचा, पुढे एक खोली काढायची, हे ज्या वर्षी पैसे असतील त्या वर्षी करता येतं. शेजारणीची वाट बघावी लागत नाही. सामाईक खर्च राहतो तो रस्ता, पाणी, गटार, दिवे यांचा. आता विचार करा, एका गावाच्या हद्दीत १०,००० घरं एकदम आली. मूळ गावापेक्षा वस्तीच मोठी. घर बांधायला केंद्राचा आणि राज्याचा ठरलेला हिस्सा होता, पण नंतर रोज चालवायला तसा ठरलेला हिस्सा कोणाचाच नव्हता. पाणीपट्टी, घरपट्टी, कुठला तरी निधी असं जुळवत चालायचं.

तेवढ्यात मूळ झराही आटला. २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि विडीवरचा तो खास उपकर रद्द झाला. आता विडीवर कर लागतो, तो मोठ्या तिजोरीत जातो. विडी कामगारांच्या योजनांना अर्थसंकल्पातून जेवढं मिळेल तेवढं. आधी पैसा कायद्यानं बांधलेला होता, आता दर वर्षी मागावा लागतो. घरात पगारातून धान्याचे पैसे आधी बाजूला काढणं आणि उरले तर धान्य आणू म्हणणं, यात जेवढा फरक तेवढाच हा.

हा घोटाळा आपल्याकडेच झाला असं नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५५च्या सुमारास प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत बांधली. ३३ इमारती, प्रत्येकी ११ मजली. सरकारनं बांधायला पैसे दिले आणि सांगितलं, चालवायचा खर्च भाड्यातून काढा. काही वर्षांत कामं कमी झाली, लोक निघून गेले, भाडं घटलं. लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, खिडक्यांना काचा नाहीत. उरलेल्यांचं भाडं वाढवलं, आणि उरल्या होत्या बहुतेक गरीब बायका आणि त्यांची मुलं. काहींची निम्म्याहून जास्त कमाई भाड्यात जायची. १९६९ साली शहरातल्या सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी भाडं द्यायचं थांबवलं. त्या संपात बायका पुढे होत्या, आणि तो महिनोन्‌महिने चालला. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की सरकारी घराचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाहून जास्त घ्यायचं नाही. मग कमी पडणारे पैसे? ते केंद्रानं दर वर्षी द्यायचे, घर चालवण्यासाठी म्हणून वेगळे. सेंट लुईसच्या त्या वसाहतीला ही मदत उशिरा पोचली. १९७२ पासून सुरुंग लावून त्या इमारती पाडल्या. पण चालवण्याचा खर्च ही सरकारचीही जबाबदारी आहे, हे त्या देशानं कायद्यात लिहिलं. पुढे ते पैसेही अपुरे पडत गेले आणि भाड्याची मर्यादा वाढली, तो भाग वेगळा.

आता परत कुंभारीला या. गोदूताई वसाहतीनंतर तिथेच रे नगर झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, कचरा वेचणाऱ्या बायका अशा असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं, पंतप्रधान आवास योजनेतून. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली, आणि १९ जानेवारी २०२४ला पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पणही त्यांनीच केलं. बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता, टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. एकाच गावात दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान घरं द्यायला आले, आणि घरं मागणारा झेंडा दोन्ही वेळा तिसराच होता. हे श्रेय मी मोर्च्यात चाललेल्या बायकांना देते.

पायाभरणीच्या वेळी सांगितलेला खर्च होता सुमारे १,८११ कोटी. त्यात केंद्र आणि राज्य मिळून ७५० कोटी, म्हणजे घरामागे दीड लाख आणि एक लाख, एकूण अडीच लाख. एका घराची किंमत सरासरी ६ लाख पडली. इथे घरं बैठी नाहीत. इमारतीत ३६ घरं. वरच्या घराची मोरी गळली तर खालचीच्या भिंतीला ओल. गच्ची सगळ्यांची, टाकी सगळ्यांची, जिन्यातला दिवाही सगळ्यांचा.

आपल्या राज्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे नमुना नियम आहेत त्यात म्हटलंय की बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दर वर्षी दुरुस्तीला आणि पाव टक्का पुढच्या मोठ्या कामासाठी बाजूला काढावा. घर ६ लाखांचं धरलं तर पाऊण टक्का म्हणजे ४,५०० आणि पाव टक्का म्हणजे १,५००. वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५००. इमारतीचे मिळून महिन्याला १८,०००. किमतीत रस्ते वगैरे धरले असतील तर आकडा थोडा खाली येईल. पण यात पाणीपट्टी नाही, पंपाचं वीजबिल नाही, कर्जाचा हप्ता नाही आणि शहरात कामाला जायचं रिक्षाभाडंही नाही. विडी वळणारीला महिन्याचे ५०० म्हणजे अडीच-तीन दिवस फक्त भिंती सांभाळायला काम. ते कोणी काढून ठेवत नाही, ठेवता येत नाही. मग पंधरा वर्षांनी प्लास्टर पडायला लागलं की म्हणणारे म्हणतात, गरिबांना घर राखता येत नाही.

आवास योजनेत देखभाल रहिवाशांच्या संघावर सोडली आहे. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात निदान बिल्डरकडून घरामागे २०,००० रुपये ठेव घ्यायची पद्धत होती, त्याच्या व्याजातून देखभाल. पुढे ती रक्कम वाढवली. २०,०००चं व्याज सहा टक्क्यांनी महिन्याला १०० रुपये होतं. थोडं आहे, पण दर महिन्याला येतं आणि कोणाच्या मजुरीतून जात नाही. माझं मत विचाराल तर सोलापूरसारख्या ठिकाणी घर मंजूर करतानाच अशी ठेव सरकारनं बांधून द्यावी, आणि तिचा हिशेब इमारतीतल्या बायकांच्या हाती असावा. ३६ घरांची वही आपल्या गटाच्या वहीपेक्षा फार अवघड नाही. आपण २० जणींची बचत, कर्ज, व्याज, दंड सगळं मांडतोच की.

तुम्ही म्हणाल, ताई, आमचं घरकुल तर गावात आहे, आमच्या जागेवर, आम्हाला याचं काय? घरकुलाचे पैसे आणि रोजगार हमीची मजुरी मिळाली की सरकार मोकळं, हे आपल्याला माहीत आहे. पण गावात दुसरं एक सामाईक घर आहे, नळयोजना. टाकी बांधली, पाइप टाकले, त्याला वरून पैसा आला. मोटारीचं वीजबिल मात्र गावाचं. पाणीपट्टी गोळा झाली नाही की बिल थकतं, मोटार बंद होते आणि हंडा आपल्या डोक्यावर येतो. कुंभारीतली बाई आणि तुम्ही, दोघींपुढे हिशेब एकच आहे.

तर पुढच्या ग्रामसभेत दोन आकडे वाचून दाखवायला सांगा. गेल्या वर्षी नळयोजनेचं वीजबिल किती आलं, आणि पाणीपट्टी किती जमा झाली. दोन्ही गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, महिन्याच्या बैठकीत त्यावर बोलू.